अमेरिकेचं झाकण

हेमराज मांढरे मला आवडत नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमच्या आष्टीत त्याला सगळे ओळखतात. वय बावन्न-त्रेपन्न, अंगाने काटक, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याने दात लाल झालेले, आणि बोलणं असं की समोरच्याला मधे तोंड घालायला जागाच मिळू नये. त्याच्याकडे एक छोटी लाल अमेरिकन गाडी आहे. कंपनीचं नाव मोठं आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. गाडीलाच ‘अमेरिका’ म्हणतात. सकाळी चौकात कुणी विचारतं, “अमेरिका गेली का?” आणि पानठेल्यावरचा माणूस सांगतो, “आत्ताच गेली, ढकलून देल्ली.”

त्या गाडीत रोज सकाळी आठ वाजता माझी मुलगी दीपाली बसते. ती मुलचेऱ्याच्या पुढे एका उपकेंद्रात नर्स आहे. पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचं, त्यातला अर्धा रस्ता चपराळ्याच्या जंगलातून, आणि उरलेल्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक धावत असतात. ज्याच्या हाती आपण आपली मुलगी रोज सोपवतो त्याची कुंडली आईला काढून ठेवावी लागते. मी काढली आहे.

हेमराजचा बाप ढिवर. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरायचा आणि गावातले डोंगे, म्हणजे लहान लाकडी होड्या, दुरुस्त करायचा. हेमराजही तेच शिकला, पण विशीत माजरीला पळाला आणि कोळसा खाणीतल्या एका इंजिनियर साहेबाचा ड्रायव्हर झाला. साहेबांनी ही गाडी घेतली तेव्हा चंद्रपुरात त्या कंपनीची चकचकीत शोरूम होती, दारात फुगे लावलेली. अमेरिकन गाडी, आणि भाव मात्र आपल्यासारख्यांना झेपेल असा, ही त्या वेळची जाहिरात. नंतर साहेबांची बदली झाली आणि गाडी हेमराजकडे आली. तो ती घेऊन गावी परतला, नारळ फोडला, मोहल्ल्यात पेढे वाटले. त्याच वर्षी टीव्हीवर बातमी आली की कंपनी आता भारतात गाड्या विकणार नाही. शोरूमच्या जागी आज टाइल्सचं दुकान आहे.

दुसरा कुणी असता तर मिळेल त्या किमतीला गाडी काढून टाकली असती. हेमराज चौकात म्हणाला, “कंपनी गेली तं गेली. अमेरिका माह्याजवळ हाये.”

तेव्हापासून तो मेलेल्या गाड्यांवर जगतो. दोन जिल्ह्यांत मिळून त्या जातीच्या दहा-अकरा गाड्या उरल्या असतील. त्या सगळ्या मालकांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. कुणाची काच खाली गेली की वर येत नाही, कुणाची गाडी पावसाळ्यात दार उघडल्याशिवाय हॉर्न देत नाही. एक जण तर गाडीत बसायच्या आधी तिला हात जोडतो, असं दीपालीनेच हसत सांगितलं. गडचांदूरच्या नथ्थू ढवस नावाच्या माणसाची गाडी क्लच गेल्यापासून अंगणात उभी आहे, सिमेंटची धूळ खात. हेमराजने तिचा आरसा आणला, वायपर आणलं, शेवटी मागचा डावा दरवाजाही आणला. तो दरवाजा पांढरा आहे. लाल गाडीला पांढरा दरवाजा, आणि त्या दरवाजाजवळ माझी मुलगी बसते.

“ते गाडी सोड,” मी तीन वर्षांपासून म्हणते.

“मग जाऊ कशी? बस दहाले सुटते, माही ड्युटी नऊची हाये,” दीपाली म्हणते.

“तुह्या बाबाच्या गाडीवर जा.”

“मंग पंचायत कोण उघडन?”

तिचे बाबा, देवानंद, ग्रामपंचायतीत क्लार्क आहेत. ते या वादात कधी पडत नाहीत. पेपर वाचतात.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी मी हेमराजच्या घरी गेले होते. त्या दिवशी पांढरा दरवाजा चालत्या गाडीत दोनदा उघडला होता आणि मला त्याचा समाचार घ्यायचा होता. हेमराज अंगणात तीन दगडांच्या चुलीवर डबा ठेवून बसला होता. डब्यात राळ उकळत होती, बाजूला जुन्या धोतराच्या चिंध्या. आमच्याकडे डोंग्याच्या फटी अशाच बुजवतात. राळ तेलात उकळायची, चिंधी त्यात भिजवून फटीत ठासायची. दगडासारखी घट्ट बसते, पाण्याचा थेंब आत येत नाही.

“डोंग्याले लावून राह्यले का, हेमराजभाऊ?” मी विचारलं.

“हो बाई. पावसाळा आला ना जवळ.” त्याने वर पाहिलं नाही.

“आणि तो दरवाजा?”

“त्याले दोरी बांधली. आता बाप आला तरी उघडत नाई.”

“उघडायला पाहिजे तेव्हा?”

“तेव्हा दुसऱ्या बाजूनं उतरा लागते. बाई, तुमी लय विचार करता. हे अमेरिकेची गाडी हाये, डबल लोखंड. तुमच्या पोरीले पाळण्यात बसल्यासारखं वाटते.”

मी तणतणत घरी आले. दरवाजाच्या नादात डोंग्याचा विचार केलाच नाही. तिथे मी चुकले.

बुधवारी दीपाली आठला गेली. नऊच्या सुमारास मी तलावाच्या पाळीवरून नणंदेकडे निघाले. तलाव पार आटलेला, आणि कोरड्या चिखलात हेमराजचा डोंगा उपडा पडलेला. मी सहज पाहिलं. त्याला बूडच नव्हतं. पाटे कुजून गेले होते आणि मधल्या भगदाडातून बेशरमीचं झुडूप कमरेएवढं वर आलेलं. दोन-तीन वर्षं तरी त्याला कुणी हात लावला नसणार.

मग काल राळ कशासाठी उकळत होती?

माझं विज्ञान बारावीपर्यंतच, पुढे मी बी.ए. केलं. पण राळ देवापुढे निखाऱ्यावर टाकली की वितळते आणि धूर होतो, हे कळायला शिक्षण लागत नाही. डोंगा गार पाण्यात असतो. त्याच्याकडे गळणारी दुसरी वस्तू एकच, ती गाडी, आणि इंजिन गार ठेवणारं गाडीतलं पाणी उकळतं. या माणसाने गाडीच्या पाण्याची गळती डोंग्याची म्हणून बुजवली होती.

दीपालीला फोन लावला. चपराळ्यापासून लगाम गावापर्यंत रेंज नसते. हेमराजला लावला, तोही नाही. चप्पल हातात घेऊन मी पंचायतीपर्यंत पळत गेले, देवानंदांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “गाडी काढा.” त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता उठले.

चपराळ्याच्या पुढे, नाल्याच्या वळणावर ‘अमेरिका’ उभी होती. बॉनेट उघडं. आधी वास आला, आरतीच्या वेळी मंदिरात येतो तसा, राळेचा.

दीपाली रस्त्याच्या कडेला बसून हेमराजच्या उजव्या हाताला पट्टी बांधत होती. रोज सोबत जाणारे दिनेश सर सागाखाली उभे राहून घाम पुसत होते. त्यांनीच सांगितलं. वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली, समोरची काच पांढरी झाली, हेमराजला काही दिसेना म्हणून त्याने जागेवरच ब्रेक मारला. मागून ट्रक येत होता.

“कुठपर्यंत आला होता?” मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. डांबरावर टायरचे काळे पट्टे उठले होते. ते जिथे संपले होते तिथून पांढरा दरवाजा दोन हातांवर होता. दोरी बांधलेला.

मी हेमराजसमोर गेले. त्याने गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं; झाकण वाफेने नाल्यात उडालं आणि त्याने पंजा भाजून घेतला होता. फोड टरारून आले होते. मला दया आली नाही. हेही लिहून ठेवते.

“बरं झालं,” मी म्हणाले. “थोडं तोंडावर पण उडायला पाहिजे होतं.”

“बाई, राळ इतके दिवस कवाच गळली नाई.”

“डोंग्यात.”

“हो. डोंग्यात.” तो खाली पाहत म्हणाला. “आता गाडीबी पाण्याचीच हाये नं. मले वाटलं, पाणी ते पाणी.”

“माह्या पोरीचा जीव तुमच्या वाटण्यावर होता.”

बोलली दीपाली. पट्टीची गाठ मारता मारता, माझ्याकडे न पाहता.

“आई, मले माहीत होतं. रात्री टॉर्च मीच धरला होता.”

एवढ्यात एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला आणि आम्ही सगळे नाल्याच्या बाजूला सरकलो. तो जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले.

“नवीन भाग नागपूरवरून मागवला तं दहा दिवस,” ती म्हणाली. “दहा दिवस उपकेंद्राले कुलूप लावू का? आणि पोळ्याच्या वेळी ते बाळंतपण अडलं होतं, तेव्हा रात्री नऊपर्यंत कोण थांबलं होतं माह्यासाठी? काकाजीच थांबले. बस थांबली नाई.”

हे खरं होतं. त्या रात्री नऊ वाजता दारात आलेले त्या गाडीचे दिवे मी विसरलेले नाही. एक पिवळा, एक पांढरा. पण एका रात्रीच्या उपकाराने ट्रकचे दोन हात चार होत नाहीत, आणि तसं मी तिला तिथेच सांगितलं.

“मी गाडी सोडणार नाई,” ती म्हणाली.

“मग मी पाहते,” मी म्हणाले.

गुरुवारी पहाटेची बस धरून मी गडचांदूरला गेले. नथ्थू ढवस सिमेंट कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत बाहेर आला. मी काम सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हेमराजनं बाईमाणसाले पाठवलं?”

“त्यानं नाही पाठवलं. मी त्याच्याशी बोलत नाही.”

“मग त्याच्यासाठी एवढ्या दूर काऊन आल्या?”

“त्याच्यासाठी नाही आले.”

त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो पान्हे घेऊन आला. गाडीच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. “तिले उठवू नका,” एवढीच त्याची अट. काम करता करता बोलत होता. म्हणाला, “गाडी वाईट नव्हती, ताई. पण सोडून गेलेल्याची वस्तू ते. बिघडली की कोणाले शिव्या द्याव, समजत नाई.” मला समजत होतं. दोन तासांनी रेडिएटर निघाला. त्याचं झाकण मी वेगळं करून पर्समध्ये टाकलं, हरवू नये म्हणून. रेडिएटर मांडीवर घेऊन परतले. साडीवरचा गंजाचा डाग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी हेमराजच्या अंगणात तो ठेवला. तो पट्टी बांधलेल्या हाताने त्याला कुरवाळायला लागला, उलटवून पाहिलं, फुंकून पाहिलं.

“बाई, ढक्कन कुठी हाये?”

खरं तर तोवर माझ्या डोक्यात काही नव्हतं. पर्स उघडायला हात गेला आणि तिथेच थांबला.

“ढक्कन माझ्याजवळ आहे,” मी म्हणाले. “आणि माझ्याजवळच राहील.”

तेव्हापासूनची पद्धत अशी. गाडी रात्री आमच्या दारात उभी राहते आणि झाकण आमच्या घरात असतं. सकाळी हेमराज पायी येतो. मी स्वतः बॉनेटखाली डोकं घालून पाणी पाहते, पांढऱ्या दरवाजाचा नवा खटका तीनदा उघडून-लावून पाहते, आणि मग झाकण त्याच्या हातावर ठेवते. पाणी कमी दिसलं, किंवा मला दिसलंच नाही, तर झाकण मिळत नाही. दोनदा मिळालं नाही. दोन्ही वेळा दीपाली दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चालतं. देवानंदांना दोन्ही वेळा तिला सोडायला जावं लागलं, तेही दिवसभर बोलले नाहीत. तेही चालतं.

पानठेल्यावर आता म्हणतात, “अमेरिकेचा व्हिसा मैनाबाईजवळ हाये.” मैनाबाई म्हणजे मी. मला ‘ढक्कनबाई’ म्हणतात, हेही माझ्या कानावर आलं आहे.

या पद्धतीत एक चूक राहून गेली, ती मला पहिल्याच संध्याकाळी कळली. गाडी परत येते तेव्हा रेडिएटर गरम असतो. झाकण लगेच काढता येत नाही. हेमराजला ते आता चांगलंच कळलं आहे. त्यामुळे गाडी गार होईपर्यंत अर्धा-पाऊण तास तो आमच्या पायरीवर बसतो, रोज. ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही, तो माझ्याच दारात बसून मला त्या कंपनीचा इतिहास सांगतो.

“बाई, शंभर वर्षांआधी थ्या कंपनीनं गरिबाची गाडी काढली. तिथल्या कास्तकाराइनं घोडे विकले अन् गाडी घेतली.”

“आणि इथून काऊन पळाली?”

“इथले लोक एकच विचारत बसले. एका लिटरात किती देते, किती देते. तिचा जीव विटला असन.”

“आणि तुम्ही तिला राळ लावली.”

तो हसतो. भाजलेल्या हाताची कातडी अजून गुलाबी आहे, त्या हाताने खर्रा मळतो. मी पाणी देते. चहा देत नाही. दीपाली एकदा द्यायला निघाली होती, मी कप परत आत नेला.

आज त्यांना यायला उशीर झाला. लगामजवळ ट्रक उलटला होता, रस्ता बंद होता, हे मला नंतर कळलं. सहा वाजले, सात, पावणेआठ. मी देवघरात तीनदा गेले. तिथे कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, झाकणाची जागा आहे. ती रिकामी होती. आठ वाजून दहा मिनिटांनी एक पिवळा आणि एक पांढरा दिवा वळला.

दीपाली आत गेली. हेमराज पायरीवर बसला, थकलेला, त्याने आज कंपनीचं नावही काढलं नाही. बऱ्याच वेळाने उठला, फडक्यात धरून झाकण काढलं आणि माझ्यासमोर केलं.

“घ्या बाई. मोजून घ्या.”

“एकच आहे,” मी म्हणाले.

“म्हणून तं म्हनलं.”

मी ते धुतलं, पुसलं आणि कोनाड्यात ठेवलं. उद्या सकाळी पाणी पाहायचं आहे. डावीकडचा मागचा टायर मला आज थोडा बसल्यासारखा वाटला. तोही पाहीन.