नव्या ऑब्जेक्टने दिलेलं जुनं नाव

गावी कुणाच्या अंगात आलं की त्याच्या चपला लपवून गंमत बघणाऱ्यांपैकी मी. असलं काही मानत नाही... म्हणजे मानत नव्हतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरतेत जे झालं ते जसंच्या तसं लिहितोय. हसायचं तर हसा.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला डिंडोलीत. मोठा भाऊ बमरोलीला लूमवर, मी उधन्याच्या एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचो. त्या पावसाळ्यात ज्योतीवहिनीचा मलेरिया डोक्यात गेला. तीन दिवस बेशुद्ध! डॉक्टर म्हणाले, "नावाने हाका मारत राहा, ओ दिली पाहिजे." भावाचा घसा बसला. ज्योती हे लग्नात ठेवलेलं नाव, माहेरचं सुनंदा. आईने तेही घेऊन पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही.

तिसऱ्या दुपारी आईने मला हाकललं. "आठे बशीसन काय करशी? जाय, पोरांची परीक्षा शे ना?"

पोरं पेपर देऊन गेली आणि मी तसाच कॉम्प्युटरपुढे बसून राहिलो. एक ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारं शेल होतं ते. क्लास म्हणजे साचा, त्यातून ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, काढायची. मागे मी गमतीत 'वहिनी' नावाचा क्लास केला होता — हाक मारली की स्क्रीनवर "आले भाऊजी". वहिनी ते ऐकून पोट धरून हसली होती. तोच परत टाइप केला, त्यातून ऑब्जेक्ट काढला, त्याला हाक मारली... आले भाऊजी. मला रडूच आलं. बघवेना, म्हणून क्लास नव्याने लिहिला: हाकेला उत्तर फक्त नाव, ज्योती. त्याच ऑब्जेक्टला परत हाक मारली.

आले भाऊजी!

मी ओरडलोच असणार, कारण केबिनमधून इन्स्टिट्यूटचे मालक, आमचे सर, धावत आले. त्यांनी बघितलं आणि हसले. "अरे भाई, पुराना ऑब्जेक्ट पुराने क्लास को ही पकड़ के रखता है. नया बना."

बरोबर होतं. हेच मी पोरांना शिकवायचो! स्वतःला एक शिवी घातली, नवा ऑब्जेक्ट केला, हाक मारली.

तिळू.

"ये तिलु कौन?" सरांनी विचारलं. मला काय माहीत! दोघांनी प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला. ते नाव कुठेच नव्हतं. पुन्हा हाक मारली तर — ज्योती.

रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. लाज वाटत होती, तरी वहिनीच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "तिळू... ए तिळू..."

तिचे ओठ हलले. "ओ आई."

माझ्या आईला वाटलं आपल्यालाच ओ दिली. ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी गावाहून वहिनीचे वडील आले. मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. "हाई नाव तुले कोनी सांगं?" तिळू म्हणायची फक्त वहिनीची आई. वहिनी चार वर्षांची असताना ती गेली, आणि ते नाव ऐकवत नाही म्हणून यांनी घरात सगळ्यांना बंदी केली. बरी झाल्यावर वहिनीला विचारलं, तर तिलाही ते आठवत नव्हतं.

पुढे जन्मभर प्रोग्रॅमिंगच केलं. जुना ऑब्जेक्ट जुन्या क्लासला का धरून राहतो, हे मी झोपेतही समजावून सांगेन.

पण तो ऑब्जेक्ट नवा होता.