झोपू न देणारे भुलीचे डॉक्टर

माणसांना झोपवण्याचे पैसे घ्यायचे आणि झोपेशीच उभं वैर धरायचं, असा प्राणी अख्ख्या चिंचवडात एकच होता आणि तो नेमका आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायचा. हे भुलीचे डॉक्टर स्कूटरवरून इस्पितळं हिंडत भूल द्यायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या झोपा मोडायचे. बसमध्ये रात्रपाळीचा एखादा बिचारा पेंगला की यांची नजर त्याच्या पोटावर; श्वास जरा लांबला की गदागदा हलवलाच! एका लग्नात तर जेवून लोडाला टेकलेल्या वरबापाला त्यांनी "श्वास घ्या!" म्हणून असं दामटलं, की वरपक्ष रुसायच्या बेतात आला. सर्जनच्या तोंडावर म्हणायचे, "तुम्ही शिंपी हो. शिवलंत, हात धुतलेत, चाललात. श्वास कोण चालवतं?" त्यामुळे त्यांना चहाला कुणी बोलवत नसे, आणि ठीकच होतं ते.

पेथिडिन, म्हणजे दुखणं दाबणारं इंजेक्शन, तर त्यांच्या हातून सुटता सुटत नसे. रोगी कण्हायचे, नातेवाईक चिक्कू म्हणायचे. त्यावर जिन्यात गाठून व्याख्यान ठरलेलं. "अहो, भुलीत फुप्फुसं आधीच दबतात, उताणं निजवलं की आणखी आक्रसतात. त्यात हे औषध मेंदूला सांगतं, श्वासाची काही घाई नाही!" मी मान डोलवायचो आणि सटकायचो.

पुढे माझ्या धाकट्या भावाचं अपेंडिक्स पिंपरीत काढलं, तेव्हा भूल यांचीच. खाटेवर आणल्यावर भाऊ कण्हू लागला. आमची आई निघोजे गावची, लेकराचं कण्हणं तिला बघवेना. तिने नर्सबाईंच्या विनवण्या करून पेथिडिनचं आणखी एक इंजेक्शन द्यायला लावलं. भाऊ गाढ झोपला. आईने पांघरूण सारखं केलं आणि मला दारात बसवलं. "कुणाला आत सोडू नगंस."

डॉक्टर मला ढकलूनच आत शिरले. भावाचं तोंड बघितलं आणि खाडकन थोबाडीत दिली! आई कडाडली, "मेल्या, आत्ता कुटं डोळा लागलाय लेकराचा!" तेव्हा कुठे मला दिसलं, भावाचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी त्याला बसतं केलं, ऑक्सिजन लावला आणि कानाशी ओरडायला लागले, "श्वास घे!" सांगितलं की तो घ्यायचा, नाही सांगितलं की थांबायचा. दुपारभर हा माणूस घसा बसेपर्यंत ओरडत होता. अखेर भाऊ पुटपुटला, "दुखतंय हो."

"छान! दुखू दे!" डॉक्टर म्हणाले. गोड बोलणं त्यांच्या सात पिढ्यांत नसावं.

बॅग उचलून ते निघाले, तर आई दारात आडवी. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आजून जरा बसा की, दादा," एवढंच म्हणाली. डॉक्टर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला ते आठवतात ते तसेच, स्टुलावर मुकाट बसलेले, शेजारी आई, आणि दोघांचेही डोळे भावाच्या छातीवर.