तिकीट अम्मांच्या नावाचं

ड्रोन उडवून जमिनीची मोजणी करणारी माणसं आमच्या बांधकाम कंपनीला लखनौत मिळता मिळत नव्हती. म्हणून साहेबांनी आमिष दाखवलं: कंपनीची गाडी आणि दर महिन्याला घरी जायचं रेल्वेचं तिकीट. मुलाखतींना साहेबांबरोबर मी बसायचो.

एक मुलगी आली लखनौतल्याच आलमबागहून, स्वतःच्या स्कूटरवर. मूळ घर गोरखपूरला. हेल्मेट मांडीवर ठेवून बसली आणि बोलता बोलता त्यावर बोटांनी ताल धरत राहिली. कामात इतकी तयार, की साहेब मला डोळ्यांनी खुणावू लागले, ही हातची जायला नको. मी घाईघाईनं गाडीचं सांगितलं.

ती हसली. "सर, स्कूटर है मेरे पास. बस, वो टिकट अम्मा के नाम हो सकता है?"

"टिकट तो आपके घर जाने के लिए है," मी म्हणालो.

"मैं घर जाऊँगी तो अम्मा दिनभर रसोई में लगी रहेंगी. वो यहाँ आएँगी तो हम दोनों हज़रतगंज का बाज़ार घूमेंगे."

साहेब खो खो हसले आणि जागच्या जागी हो म्हणाले. ती शहराबाहेरच्या साइटवर रुजू झाली. आमची पुन्हा भेट झाली नाही.

त्या संध्याकाळी मी साताऱ्याला आईला फोन लावला. दर दिवाळीला मी जातो आणि ती ओट्यापासून हलत नाही. म्हटलं, "यंदा तूच ये इकडे."

"मी? एवढ्या लांब?" तिनं हातातलं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. पण खिडकीची जागा काढ हो."