झटक्यानंतरची भाकरी

"काडी ओढून दाखवा," डॉक्टर म्हणाले आन् काडेपेटी माझ्या हातात दिली. मी पेटी न उघडताच तिची कड अंगठ्यानं घासत बसलो. डॉक्टरांनी पेटी परत घेतली. तवाच कळलं, कायतरी वाईट हाय.

"बाबा, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय." पॅरालिसिस म्हंजी लकवा. मेंदूची नस तुंबती आन् तेवढा भाग निकामी होतो. माझा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, "हात सुधारेल. पण आधी काय करायचं, मग काय, हे तुमच्या डोक्यातून निसटतंय. ते किती परत येईल सांगता येत नाही. स्टोजवळ एकट्यानं जाऊ नका."

दुष्काळ सरला त्या सालची ही गोष्ट. मी दौंडला रेल्वेत गँगमन होतो, रुळांच्या दुरुस्तीवर; नुकताच रिटायर झालेलो. बायको हौसा त्याच उन्हाळ्यात गेली. मी जन्मात चहा केला न्हवता. दवाखान्याच्या बाकावर बसून रडलो ते हातासाठी न्हाई. भूक लागली होती, आन् घरी कुणी न्हवतं.

लेक शेवंता केंदूरला दिलेली. ती म्हणाली, "आबा, घराला कुलूप लावा, माझ्याकडं चला." आमच्यात बाप लेकीच्या सासरी पाणी पण पीत न्हाई. तिथं कायमचं ताट घेऊन बसायचं म्हंजी जिवंतपणी मेल्यासारखं. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांब. तवर रांधता आलं न्हाई तर येतो."

हात जरा वळायला लागला तसं शेजारच्या हमीदाबीनं शिकवायचं घेतलं. ती एका दमात सगळं सांगायची. पीठ घ्या, पाणी घाला, मळा, थापा, तव्यावर टाका, वरनं पाणी फिरवा, उलटा. मी व्हय व्हय म्हणायचो. पीठ हातात घेतलं की पुढचं पुसून जायचं. एकदा तर कोरडंच पीठ तव्यावर टाकलं.

मग स्टोचं झालं. स्टोच्या वाटीत थोडं रॉकेल जाळून वरचं डोकं तापवायचं, मग पंप मारायचा. मी आधी पंप मारला. काडी लावली तसा जाळ छताच्या पत्र्याला भिडला. मी तिथंच उभा. पळायचं हे पण सुचंना. हमीदाबीनं ओलं पोतं टाकून विझवलं आन् भिंतीला टेकून बसली.

"मामा, चहा करायचाय का घर जाळायचंय? एक काय ते ठरवा."

ती हसत होती, पण काडेपेटी उचलून तिनं पदराला बांधली. त्यानंतर मी स्टोकडं बघत न्हवतो. केळी आन् चुरमुरे खाऊन दिवस काढले. अंग खंगलं. दिवाळी जवळ आली.

चुरमुरे खाता खाता आमच्या गँगचा मुकादम आठवला. तो म्हणायचा, "वापरलेलं हत्यार रुळाच्या पल्याड ठेवा. अल्याड राहिलं म्हंजी काम राहिलं." मी बसायचा पाट मधी ठेवला. डाव्या अंगाला सगळं सामान वापरायच्या क्रमानं हमीदाबीकडनं मांडून घेतलं. वापरलं की उजवीकडं. पाणी दोनदा लागतं, म्हणून दोन तांबे. स्टोच्या पंपाला चिंधी बांधली. वाटीतला जाळ बसत आल्याशिवाय ती सोडायची न्हाई. हमीदाबीला म्हणालो, "तू नुसती बस. बोलू नको."

"बाईला गप बसवता? डॉक्टरनं हे सांगितलं का?" ती म्हणाली. पण गप बसली.

शेवंता न्यायला आली तवा मी भाकरी थापत होतो. तव्यावर टाकली आन् हात अडला. शेवंता बोलायला गेली, हमीदाबीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मी डावीकडं बघितलं. एक तांब्या राहिला होता. पाणी फिरवलं.

भाकरी जाड झाली, एका बाजूनं करपली. शेवंतानं तुकडा मोडला. बराच वेळ चावत होती.

"आईसारखी न्हाई," ती म्हणाली.

"तुझी आई आता हाय कुठं?" मी म्हणालो.

तिनं उरलेली भाकरी पण खाल्ली आन् संध्याकाळच्या एस्टीनं एकटीच गेली.

भ्या गेलं न्हाई. काडी ओढायच्या आधी अजून पंपाची चिंधी दोनदा बघतो. ज्यांच्या घरात हा आजार येईल त्यांना एवढंच सांगतो, माणसाला एका दमात सगळं सांगू नका. सामान ओळीनं मांडून द्या, आन् जवळ बसा. हमीदाबी माझ्याजवळ बसली म्हणून मी माझ्या घरात हाय. तिच्याकडं भाकरी घेऊन गेलो की म्हणती, "मामा, जरा पातळ थापा, मला दात न्हाईत."