प्रयोगशाळा त्यांची, मैदान आमचं

दोन शाळांनी एकमेकींच्या वस्तू वापरायच्या ठरवल्या, की किस्से मागवावे लागत नाहीत. आपोआप साठतात, आणि कोणी चहा विचारला की बाहेर पडतात!

सत्तरच्या दशकात कळंबजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचे. मैदान ऐसपैस, प्रयोगशाळेच्या नावानं शंख! शेजारच्या गावातल्या चर्चच्या शाळेत प्रयोगशाळा झकास, पण मैदान नाही. आमचे हेडमास्तर म्हात्रे सर आणि त्या शाळेचे फादर यांनी अदलाबदल ठरवली. आमची दहावीची पहिलीच बॅच. प्रॅक्टिकल झालं नाही, तर मुलं परीक्षेलाच मुकणार! त्यामुळे सर रोज प्रार्थनेनंतर बजावायचे, "तिकडे भांडण नको!"

*

पहिल्याच शनिवारी आमच्या मुलांनी दोन परीक्षानळ्या फोडल्या. सर भरपाई म्हणून सायकलवर केळ्यांचा घड घेऊन हजर.

फादरनी एक केळं खाल्लं आणि म्हणाले, "सर, पुढच्या शनिवारी काय फोडताय?"

*

प्रत्येक टेबलावर एक विद्यार्थी त्यांचा, एक आमचा. बाराला चर्चची घंटा झाली, की त्यांची मुलं डोळे मिटून उभी राहायची. एकदा फिलोमिना अशीच उभी राहिली आणि तिचं ब्युरेट टपटप गळत राहिलं. आमच्या सुनंदानं पटकन तोटी बंद केली.

प्रार्थना संपल्यावर फिलोमिना म्हणाली, "तू पण उभी राहा ना कधीतरी!"

"दोघी उभ्या राहिलो, तर तोटी काय देव बंद करणार?"

*

त्यांच्या टीचर आमच्याकडे इंग्रजी शिकवायला येऊ लागल्या. महिन्याभरात एक कोळीणबाई काळजीनं शाळेत आली.

"बाई, पोरगा घरात पानी मागताना पन प्लीज बोलतो. त्याला बरा नाय काय?"

*

आणि मग तालुक्याची व्हॉलीबॉल फायनल लागली. आमच्यात आणि त्यांच्यातच! प्रॅक्टिकल पुढच्याच आठवड्यात. म्हात्रे सरांचा चेहरा पडलेला. जिंकलो तर तिकडे रुसवा, हरलो तर गावात! फादरच्या शाळेतले काही जण आधीच कुरकुरत होते, "पाहुण्यांकडून हरलो, तर प्रयोगशाळेला कुलूप!" मला तर देवच आठवले.

मुलं मैदानात उतरली, आणि पंच ओरडले, "अरे, हे काय? दोन्ही बाजूंना दोन्ही गणवेश!"

वर्षभर रोज संध्याकाळी आमच्या मैदानावर जशा मिसळून टीम पाडायची, तशाच पाडून पोरं उभी होती!

"नीट उभे राहा!" पंच.

आमचा भगवान शेजारच्या पास्कूकडे बोट दाखवत म्हणाला, "नीटच हाव, सर. हा बॉल उचलतो, मी मारतो. ह्याला तिकडं धाडला, तर मी काय मारू?"

पंचांनी सर आणि फादर बसले होते त्या खुर्च्यांकडे पाहिलं. सरांनी फादरकडे पाहिलं, फादरनी सरांकडे. मग दोघंही एकदमच उठून ओरडले,

"अहो, शिट्टी वाजवा!"