रेघवाली पट्टी

मन्नाएखेळ्ळीत हमरस्त्याला लागून एक टायरवाला आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धुळाप्पा रोज काही मैल चालतो आणि कुठेही पोचत नाही. शेडच्या एका टोकाला त्याचे मशीन आहे. त्यातून प्लॅस्टिकची तापलेली पट्टी निघते, पाण्याच्या टाकीतून गार होत लांबलचक बाकावर येते, आणि धुळाप्पा तिच्यावर दोन बोटे ठेवून तिच्याबरोबर दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तिथे त्याची बायको बाणूबाई पट्टी कापून घेते. धुळाप्पा परत मशीनपाशी येतो आणि पुन्हा निघतो. टायरवाल्याकडे बसणारी मंडळी म्हणतात, "निघाला बगा धुळाप्पा, पट्ट्या चारायला."

धुळाप्पाच्या वडिलांची मेंढरे होती, त्यामुळे हा विनोद गावात मुरला आहे. तो स्वतः रागावत नाही. "मेंढरू असू दे न्हाईतर पट्टी," तो सांगतो, "वढायचं नसतंय, चालवायचं असतंय. वढलं की वाळतंय." पट्टीच्या बाबतीत हे खरे आहे. मऊ असताना जोरात ओढली की ती बारीक होते. मेंढरांबद्दलचे त्याचे मत कुणी तपासून पाहत नाही, कारण मिसरूड फुटल्यापासून त्याने एकही राखलेले नाही.

राग येतो तो चकलीचा. मशीनच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात प्लॅस्टिकचा दाणा ओतायचा, आतला स्क्रू तो दाणा वितळवत पुढे ढकलतो, आणि तोंडाशी लावलेल्या पोलादी साच्याच्या, म्हणजे डायच्या, भोकातून भोकाच्या आकाराची पट्टी बाहेर पडते. हे पाहणारा प्रत्येक नवा माणूस म्हणतो, "म्हंजे चकलीचंच यंत्र की." धुळाप्पाचे उत्तर ठरलेले आहे. "चकली मोडली तर खाता येती."

तो करतो ती दारपट्टी. या भागात लाल माती भरपूर, विंचू त्याहून थोडे कमी, आणि सुतारांनी केलेली दारे कधीच फरशीला टेकत नाहीत. धुळाप्पाची पट्टी दाराच्या खालच्या कडेवर सरकवून बसते आणि तिची पातळ जीभ फरशीला लागून राहते. हैदराबादच्या ज्या पाइपच्या कारखान्यात त्याची जवानी गेली, तो बंद पडला तेव्हा तिथले जुने मशीन त्याने गावी आणले. गावच्या दारांची मापे घेत हिंडला आणि त्या मापाची डाय करून घेतली.

डाय नवी होती त्याच आठवड्यात तिच्यावर ओरखडा उठला. तोंडाशी प्लॅस्टिक चिकटून बसले होते. ते खरवडायला फक्त पितळ लावायचे, लोखंड नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. धुळाप्पा तो शिकलेला होता, पण तो त्या वेळी टायरवाल्याला मशीनची थोरवी सांगायला गेला होता. बाणूबाईने घरातून उलथने आणले. "करपलेला तवा मग कशानं खरवडत्यात?" हा तिचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या जिभेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नखाला लागेल अशी एक उंच रेघ उमटू लागली.

धुळाप्पाला ती रेघ सलायची. हैदराबादेत माल तपासणारा साहेब पाइपवरून हात फिरवायचा आणि खोट सापडली की लाल खडूने फुली मारायचा. धुळाप्पाने अशा पुष्कळ फुल्या सोसल्या होत्या. आयुष्यात एकदा आपल्या नावाचा माल खडूला जागा न ठेवता बाहेर पडावा, एवढीच त्याची इच्छा होती. पण डाय दुरुस्त करायची तर मशीन बंद ठेवावे लागणार, म्हणून ते राहून गेले.

दरम्यान रेघेचे नशीब उघडले. एके सकाळी निंगप्पा नावाच्या गिऱ्हाइकाच्या दाराबाहेर पट्टीला टेकून बसलेला विंचू सापडला. शेजारच्या घरी दुसऱ्या कुठल्या तरी बाजारातली, बिनरेघेची, खिळ्यांनी कशीतरी ठोकलेली पट्टी होती. तिथे विंचू आत गेला होता. निष्कर्ष काढायला गावाला दुपार लागली नाही: विंचू रेघ ओलांडत नाही.

या शोधाचा प्रसार केला मुडबीच्या दानम्माने. ती आठवडी बाजारांत बादल्या, चाळण्या आणि धुळाप्पाच्या पट्ट्या विकते. शेडमधला बहुतेक माल तिच्याच हातून जातो. दानम्मा थांबली तर मशीनही थांबेल, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक आहे. तिच्या गिऱ्हाइकांनी पट्टी घेताना नख फिरवून रेघ बघायची पद्धत पाडली. रेघ लागली तर माल असली.

हे असेच चालू राहिले असते, पण बीदरहून संकर्षण आला. हा इंजिनिअर मिठाईच्या दुकानांसाठी काचेची कपाटे बनवतो. कपाटाच्या दाराला खाली लावायला त्याला हीच पट्टी हवी होती. त्याने ती उजेडात धरली, हात फिरवला आणि म्हणाला, "धुळाप्पाण्णा, पट्टी उत्तम आहे. एवढी रेघ नको. काचेखाली उठून दिसते."

ऑर्डर लहान होती, आणि वर्षातून एखाद-दोन वेळाच यायची होती. पण धुळाप्पाला त्या हातात लाल खडू दिसला असावा. त्याने मशीन बंद केले, डाय उतरवली आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन बसला. जेवताना डाय मांडीवर असे. बाणूबाई म्हणाली, "एवढं एखादं भांडं घासलं असतंव, तर घरात आरसा लागला नसता." तो घासत राहिला. ओरखडा गेला. पट्टी काचेसारखी गुळगुळीत निघाली. धुळाप्पाने टायरवाल्याकडच्या मंडळींना बोलावून दाखवली. सगळ्यांनी नख फिरवले.

"रेघ कुठाय?"

"न्हाई."

"मंग चुकलं व्हय काय तरी?"

संकर्षण आपला माल खूश होऊन घेऊन गेला. बाकीचा दानम्माकडे गेला आणि पुढच्याच बाजारानंतर रिक्षात बसून माघारी आला. बरोबर दानम्मा होती.

"अण्णा, हे डुप्लिकेट हाय."

"अक्का, माझ्याच मशीनचं हाय. माझी डुप्लिकेट मी कामून करू?"

"ते मला काय ठावं? बाया नख लावायल्यात आन् फेकून द्यायल्यात."

"रेघ म्हंजे डायची खोट हुती. इंचू पट्टीनं अडतोय. रेघेनं न्हाई."

"मुंगीला खडूची रेघ चालती. इंचवाला पट्टीची कामून चालंना?"

"खडूत औषध असतंय."

"मंग तुमच्या पट्टीत न्हाई कशावरून? तुमी सांगताव थोडंच." दानम्मा रिक्षात बसली. "रेघ द्या अण्णा, न्हाईतर मी नुस्त्या बादल्याच इकते."

बाणूबाईने विचारले, "उलथनं आणू?"

"डायला हात लावायचा न्हाई," धुळाप्पा म्हणाला. तो बायकोवर सहसा आवाज चढवत नाही, त्यामुळे हे वाक्य टायरवाल्यापर्यंत ऐकू गेले आणि तिथे त्याची नोंद झाली.

पेच साधा होता. डाय गुळगुळीत ठेवावी तर दानम्मा जाते आणि तिच्यामागून शेड. ओरखडावी तर संकर्षणाचा माल पुन्हा होणार नाही. दुसरी डाय करायची तर बाणूबाईच्या कानातले विकावे लागेल, आणि ते ती काढून देणार नाही, हे तिने न विचारताच सांगून टाकले. काही दिवस मशीन थंड राहिले. जाता-येता लोक चौकशी करत, "पट्ट्या उपाशी हायत व्हय?"

मग एका दुपारी धुळाप्पाने शिलाई मशीनची एक सुई आणली, तिचे टोक घासून बोथट केले आणि डायच्या पुढे, पट्टी अजून मऊ असते तिथे, एका चिमट्यात अडकवली. सुई टेकवली की पट्टीवर रेघ, उचलली की पट्टी साफ. डायला धक्का नाही. युक्तीत एकच उणे होते. जुनी रेघ उंच होती. ही खोल होती.

त्याने दानम्माला निरोप धाडला. ती आली, पट्टी घेतली, नख फिरवले. थांबली. उलट बाजूने फिरवले.

"ही आत गेली की हो."

"आत गेली," धुळाप्पाने कबूल केले. "आन् अक्का, परत एकदा सांगायलोय, हिनं काय बी व्हत न्हाई."

दानम्माचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. तिने पट्टी जमिनीवर ठेवली आणि विंचवाच्या उंचीवरून बघावे तशी वाकून पाहिली. "पयली रेघ नुस्ती अडवायची," ती शेवटी म्हणाली. "हिच्यात पाय गुंतंल."

पुढच्या बाजारात 'नवी, पाय गुंतवणारी' पट्टी दुपारच्या आत संपली. जुन्या रेघेवाल्या पट्ट्या बदलून मिळतात का, अशी चौकशीही झाली. जो कोणी थेट शेडवर येतो, त्याला धुळाप्पा अजूनही खरे ते सांगतो: विंचू जिभेमुळे अडतो, रेघ शोभेची आहे. लोक मान डोलावतात आणि नख फिरवून बघतात. दानम्माने सगळ्यांना सांगून ठेवले आहे, "अण्णा साधे हायत. धंद्यातलं उघड करत न्हाईत."

संकर्षणाचा माल असला की सुई वर असते. तो साफ माल धुळाप्पा आता फारसा न बघता बांधून देतो; तिथे काही चुकत नाही. बाजारची पट्टी असली की मात्र तो दोन बोटांऐवजी नख टेकवून चालतो. गेल्या आठवड्यात बाकाच्या मध्येच तो थबकला, पट्टी उचलून डोळ्यापाशी धरली आणि हातभर लांबीचा तुकडा कापून भंगाराच्या पोत्यात टाकला.

"चांगली हुती की," बाणूबाई म्हणाली. "कामून टाकलाव?"

"रेघ वाकडी आली," धुळाप्पा म्हणाला आणि सुई नीट करायला मशीनकडे गेला.