मिस्त्रींचा कान

आमचे शेवगावचे मिस्त्री टेम्पो दुरुस्त करतात आणि सगळं जग कानानं तपासतात. दिवाळीत किल्ल्यावरचा दीपोत्सव बघायला आम्ही त्यांनीच दुरुस्त केलेल्या टेम्पोतून गेलो. बुरुजांवर पणत्या होत्या, वर आतषबाजी चालली होती. आम्ही माना वर करून बघत होतो. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते.

"ह्याचं टायमिंग चुकलंय. ह्यो तर मिसिंग करतोय."

एकही बाण पास झाला नाही.

परतताना निम्म्या वाटेत टेम्पोच्या सायलेन्सरनं मोठा बार काढला आणि गाडी बंद पडली. सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत कौतुकानं म्हणाले, "ह्यो आवाज लई भारी हुता! किल्ल्यावर अजून चालूच हाय की."

घर लांब होतं आणि दुरुस्ती येणारे ते एकटेच. आम्ही माना वर करून टाळ्या वाजवल्या.